दहा वाजताची बग्गी

फ्रिस्को, टेक्सास
११ नोव्हेंबर २०२४

चि. परीक्षित यास मावशीचा भरभरून आशीर्वाद,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून कागद घेतला, कारण फोनवर बोलायला लागले की शिवांगी ओट्यापाशी उभी राहून माझ्या प्रत्येक वाक्याला शेपूट जोडते. लेक माझीच आहे, पण "आई, आता या वयात हे कशाला?" या एका प्रश्नाने तिने माझं डोकं खाल्लंय. सकाळी आठला ती आणि जावई कामाला जातात, मग संध्याकाळपर्यंत मी, हे कार्पेट आणि समोरचा रस्ता. त्या रस्त्यावर माणूस चालताना दिसला तर मी खिडकीत जाऊन बघते. नगरला एकतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला असं बसवत नाही रे.

म्हणून एक उद्योग काढलाय. आमच्या शाळेच्या मोठ्या हॉलमधलं ते तैलचित्र आठवतं? गॅदरिंगला आला होतास तेव्हा तू त्याच्या मिशांना हसला होतास. लॉर्ड रूपर्ट वेदरकोट. हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता तेव्हा त्या हॉलची कोनशिला बसवून गेला. मी त्याच्याखाली उभी राहून एकतीस वर्षं तास घेतले आणि हा बाबा होता कोण, ते मला माहीत नव्हतं. इथे आल्यावर शोधायला लागले. ड्यूकचा दुसरा मुलगा, म्हणजे नावापुढे लॉर्ड, पण इस्टेट सगळी थोरल्या भावाची. पंचविसाव्या वर्षी पार्लमेंटात, तेही घरच्या मतदारसंघातून, समोर कोणी उभंच नाही. बोलायला लागला की विरोधकसुद्धा जेवण सोडून ऐकायला यायचे म्हणे. अडतिसाव्या वर्षी मंत्री. पुढचा पंतप्रधान हाच, असं सगळे धरून चालले होते. आणि एक दिवस राजीनामा देऊन मोकळा झाला. पुढे बावीस वर्षं जगला, पण त्याला परत कोणी काही विचारलं नाही.

मी त्याचं चरित्र लिहितेय, मराठीत. एकशे चाळीस पानं झालीत आणि गाडी राजीनाम्यापाशी अडलीय. त्याच्या पुतण्याने त्याच्या पत्रांचे तीन खंड छापले होते, ते सिएटलच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत आहेत आणि बाहेर देत नाहीत. तुझ्या रेडमंडहून ते लांब नाही ना? एखाद्या शनिवारी जा आणि तिसऱ्या खंडातली राजीनाम्याच्या आधीची आणि नंतरची पत्रं मला छापून पाठव. तो राजीनामा देऊन घरी बसला, तेव्हा पहिल्या आठवड्यात काय करत होता, एवढंच मला हवंय.

सूनबाई नैना परवा फोनवर सांगत होती की तुझं टीम लीडचं पद पक्कं आहे आणि डिसेंबरात ती त्याची पार्टी करणार आहे. ऐकून बरं वाटलं. या देशात तरी माणसाच्या कामाची कदर होते.

तुझी,
सुवर्णामावशी

रेडमंड
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र नैनाने फ्रिजला लावून ठेवलंय, तुझ्या नातीला, मैत्रीला, दाखवायला की बघ, लोक असंही लिहायचे.

तुझं काम केलं. आज शनिवार म्हणून लायब्ररीत गेलो. इथून बस थेट जाते. प्रिंट सोबत जोडले आहेत, चौतीस पानं. तुझा लॉर्ड इंटरेस्टिंग माणूस आहे. मी थोडा वेळ बसेन म्हटलं आणि बसलोच.

प्रकार असा झाला. खाणकामगारांच्या बिलावर त्याने दोन वर्षं काम केलं. स्वतः खाणीत उतरला, ड्यूकचा मुलगा असून. सगळा मसुदा त्याचा. आणि ऐन वेळी पंतप्रधानाने ते बिल सभागृहात मांडायचं काम दुसऱ्याला दिलं, वेदरकोटनेच तयार केलेल्या एका पोरसवदा मंत्र्याला. कारण काय, तर तो सगळ्यांशी जुळवून घेतो. तू सांग, माणसाने काय करायचं? त्याने राजीनामा लिहिला.

आता गंमत बघ. याआधी त्याने दोनदा राजीनामा दिला होता. दोन्ही वेळा पंतप्रधान स्वतः त्याच्या घरी आला होता, दिवाणखान्यात बसून अक्रोड फोडत दोन तास समजूत काढली होती आणि जाताना राजीनामा शेकोटीत टाकला होता. तिसऱ्या वेळी वेदरकोट बहिणीच्या गावी होता. गुरुवारी घोडेस्वाराबरोबर पत्र पाठवलं. शनिवारी उत्तर आलं, दोन ओळींचं. आपला निर्णय दुःखाने स्वीकारत आहे, महाराणींना कळवलं आहे. संपलं.

मावशी, त्या दोन दिवसांत त्याने बहिणीच्या घरी अक्रोड मागवून ठेवले होते. बहिणीच्या पत्रात आहे, पान २११.

माझं सगळं ठीक. काम नेहमीसारखं. इथे पाऊस सुरू झालाय, आता मार्चपर्यंत सुटका नाही.

तुझा,
परीक्षित

फ्रिस्को
२२ नोव्हेंबर २०२४

चि. परीक्षित,

औक्षवंत हो. प्रिंट मिळाले आणि मी दोन दिवस जेवायचंसुद्धा विसरले. शिवांगीने शेवटी पानं उचलून कपाटात ठेवली, लहान मुलाचा खेळ काढून घ्यावा तशी.

अक्रोडांवर मी खूप हसले आणि मग मला त्याचा राग आला. अरे, राजकारणात मुरलेला माणूस तो, आणि ही कसली नव्या जावयाची तऱ्हा? रुसून कोपऱ्यात बसायचं आणि कोणी पाट मांडून बोलावतंय का याची वाट बघायची? पंतप्रधानाला दुसरी कामं होती. वेदरकोट हुशार होता, पण आपल्यावाचून राज्याचं अडतं असं त्याला वाटत होतं, म्हणजे मूर्खच, तसं मी लिहिलंयही. मी प्रकरणाला नाव दिलंय "हाताने ओढवून घेतलेलं". शाळेत असते तर फळ्यावर लिहून त्याला शंभरदा गिरवायला लावलं असतं.

आता तुझी खरडपट्टी. प्रत्येक प्रिंटच्या तळाशी मशीनने तारीख आणि वेळ छापलीय. चौदा नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी दहा चाळीस. तू लिहितोस शनिवारी गेलो. मावशीला वाईट वाटू नये म्हणून ऑफिस बुडवल्याचं लपवतोस, मला कळत नाही का? असलं करू नकोस. नव्या पदावर जाताना माणसाने दिसलं पाहिजे. माझा लॉर्ड मेला त्याला शंभरावर वर्षं झाली, तो अजून थांबेल.

पण जेव्हा सुट्टीच्या दिवशी जाशील तेव्हा पुढची पत्रं मात्र बघ. उत्तर आल्यानंतरचा तो आठवडा मला अजून मिळालेला नाही. तेवढ्यासाठी मी हे सगळं मांडलंय.

तुझी,
मावशी

रेडमंड
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

नमस्कार. थँक्सगिव्हिंगची चार दिवस सुट्टी आहे, घरीच आहे. दोन नवे प्रिंट पाठवतोय. वेळेचं म्हणशील तर त्या गुरुवारी मी घरून काम करत होतो, म्हणून जाता आलं. एवढं काही नाही त्यात.

तुला हवा असलेला आठवडा सापडला. पुतण्याच्या प्रस्तावनेत आहे. उत्तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी वेदरकोट लंडनच्या घरी परतला. त्याने बायकोला सांगितलं नाही. त्या बुधवारी तिने मंत्रिमंडळाला जेवायला बोलावलं होतं. सगळे आले, सगळ्यांना माहीत होतं, हिला सोडून. तो टेबलाच्या टोकाला बसून जोक सांगत होता. मासे वाढताना शेजारच्या म्हाताऱ्या मंत्र्याने तिचं सांत्वन केलं, तेव्हा तिला कळलं. तिने सगळ्यांना शेवटपर्यंत वाढलं. पुढे कधीच तिने घरी कोणाला जेवायला बोलावलं नाही.

पाचव्या दिवशी पंतप्रधानाचा सेक्रेटरी दारात आला. तरुण पोरगा होता. वेदरकोटने बटलरकडून निरोप दिला की साहेब घरात नाहीत. त्याचं म्हणणं, यायचं तर पंतप्रधानाने यावं, पोराला काय पाठवतोस. पोरगा परत गेला.

आणि यानंतर मरेपर्यंत, बावीस वर्षं, रोज सकाळी दहाला तो लांब काळा कोट घालून तयार व्हायचा आणि बग्गी जोडून दारात उभी ठेवायला लावायचा. बोलावणं आलं तर उशीर नको. दुपारी एकला घोडे सोडायचे. गाडीवानाच्या जबानीत आहे हे.

मावशी, तू त्याला मूर्ख म्हणतेस त्याचा मला फार त्रास झाला. तुला काय माहीत त्याचं काय झालं असेल? माणूस राजीनामा देतो तेव्हा त्याला जायचं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की कोणीतरी म्हणावं, अरे थांब, काय झालं सांग. हे त्याने आधी अनुभवलेलं होतं ना? दोनदा कोणी चहाला बाहेर नेलं होतं, पाठीवर हात ठेवला होता, म्हणून तर त्याला वाटलं की हीच पद्धत आहे. मेल टाकून माणूस बसून राहतो, दाराकडे बघत. आणि अकरा मिनिटांत उत्तर येतं, अत्यंत सभ्य. तुमच्या निर्णयाचा आदर करतो, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. भांडण नाही, राग नाही, काही नाही. त्याने निदान भांडायला तरी हवं होतं. दोन वर्षं रात्रीचा दिवस केला आणि तुमच्याकडे माझ्यासाठी अकरा मिनिटं?

असो. प्रकरणाचं नाव बदल एवढीच विनंती.

परीक्षित

फ्रिस्को
६ डिसेंबर २०२४

परीक्षित,

त्या बग्गीपाशी येऊन मी पानं मिटली. चार दिवस एक अक्षर लिहिलं नाही. का, ते नंतर सांगेन. आधी तुझं.

मी वह्या तपासण्यात जन्म घालवलाय. उत्तर गुरुवारी निघालेल्या पत्राला शनिवारी आलं, हे तूच मला लिहिलंस. मग ही अकरा मिनिटं कुठली? त्या काळात पत्र अकरा मिनिटांत फाटकाबाहेर पडत नव्हतं. मेल कोणी टाकली? चहाला कोणी नेलं? वेदरकोटला तर अक्रोड खायला घातले होते.

तू राजीनामा दिलायस का?

गोल गोल लिहू नकोस. हो किंवा नाही, एवढंच लिही, बाकी आपण बघू. शिवांगीला किंवा नैनाला मी एक शब्द बोललेली नाही.

मावशी

रेडमंड
१० डिसेंबर २०२४

मावशी,

हो.

चार नोव्हेंबरला. तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच. दोन वर्षं मी ज्या प्रोजेक्टचा पाया घातला त्याचं लीडपद यतीनला दिलं. यतीन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, नागपूरचा, त्याला काम मी शिकवलं. ऑक्टोबरात मी नैनाला सांगूनही बसलो होतो की मीच होणार. मॅनेजरला मेल लिहिली की अशा परिस्थितीत मला पुढे काम करणं शक्य नाही. अगदी खरं सांगतो, सोडायचं माझ्या मनातही नव्हतं. पुण्यात असताना दोनदा असंच केलं होतं. कुमार सरांनी दोन्ही वेळा मला खाली टपरीवर नेलं, दोन कटिंग पाजले, शिव्या घातल्या आणि म्हणाले, मेल डिलीट कर. इथे मॅनेजर बाई चांगली आहे. तिला वाटलं मोठा माणूस आहे, विचार करूनच लिहिलं असेल, आपण मान ठेवावा. तिने मान ठेवला. संध्याकाळपर्यंत मी फोन हातात धरून कॉन्फरन्स रूममध्ये बसलो होतो. शुक्रवारी बॅज परत दिला.

आता पुढचं ऐक. माझा व्हिसा नोकरीवर आहे. नोकरी सुटल्यापासून साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने माझे कागद भरले नाहीत तर हा देश सोडावा लागतो. नैनाची बालवाडीतली नोकरी माझ्याच कागदांवर उभी आहे, मैत्रीची शाळा इथे. साठावा दिवस सात जानेवारी. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. डिसेंबरात सगळे म्हणतात, नवीन वर्षात बोलू.

नैनाला माहीत नाही. रोज साडेआठला ती डबा हातात देते, मी बॅग घेऊन निघतो आणि लायब्ररीत तुझ्या लॉर्डापाशी जाऊन बसतो. डबा मागच्या दाराच्या पायऱ्यांवर खातो, आत खायला बंदी आहे. पाऊस असला की बसस्टॉपवर. एक दिवस तिने भरली वांगी दिली होती. ती मला गिळवेनात.

एकवीस तारखेला पार्टी आहे. पंधरा माणसं, सगळी टीम, ती निरोपाची पार्टी समजून येणार असेल. तिने यतीनलाही बोलावलंय. यतीन आठवड्यातून एकदा तरी फोन करतो, मी उचलत नाही. माझी खुर्ची घेऊन आता मला धीर देणार का हा? तो नैनाजवळ बोलला कसा नाही अजून, हेच मला कळत नाही.

पार्टी झाली की सांगेन तिला. तिचा एक दिवस कशाला खराब करू. तू काही बोलू नकोस, तुला माझी शपथ.

परीक्षित

फ्रिस्को
१५ डिसेंबर २०२४

परीक्षित, माझ्या सोन्या,

हे लवकर पोचावं म्हणून उद्या जावयाला महागाच्या टपालाने टाकायला सांगतेय. नीट बसून वाच.

तुझे मोहनकाका मुख्याध्यापक व्हायचे होते. उपमुख्याध्यापक म्हणून बारा वर्षं शाळा त्यांनीच ओढली, हे अख्ख्या नगरला माहीत होतं. संस्थेने बाहेरचा माणूस आणून बसवला. यांनी राजीनामा लिहिला. मीच म्हटलं होतं, लिहाच, कळू दे त्यांना. नेऊनही मीच दिला, ऑफिसात, माझ्या तासाच्या आधी. आम्हाला दोघांना खात्री होती की अध्यक्ष घरी येतील. मी चिवडा केला होता. म्हणून तुझ्या पत्रातले ते अक्रोड वाचून मला हसू आलं आणि मग एवढा राग आला.

अध्यक्ष आले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी राजीव सर आले, सायकलवरून. शाळेत नवीनच लागलेले, पंचविशीचे, यांचेच विद्यार्थी. दारात उभे राहून म्हणाले, सर आहेत का, थोडं बोलायचं होतं. माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांच्या माणसाची समजूत काढायला हे कालचं पोर पाठवलं? मी म्हटलं, "ते घरात नाहीत." ते म्हणाले, कधी येतील? मी म्हटलं, सांगता येत नाही. आणि दार लावलं.

हे आतल्या खोलीत होते. दाराला लागून उभे होते, मी वळले तेव्हा दिसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी वाट बघितली की ते म्हणतील, अगं, बोलाव त्याला. ते काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. सायकलच्या स्टँडचा आवाज आला आणि ते गेले.

पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मला कळलं की अध्यक्षांनी निरोप दिला होता, आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, मी कागद फाडतो, पुढच्या वर्षी तुमचंच नाव. तोवर जागा भरली होती. राजीव सरांना वाटतं, त्यांना जायला उशीर झाला. भेटले की अजून म्हणतात, "मी त्या दिवशी सकाळी जायला हवं होतं, सर सापडले असते." मी एकदाही खरं सांगितलं नाही.

यानंतर हे बावीस वर्षं होते. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दहाला व्हरांड्यात बसायचे, पेपर घेऊन. कोणी विचारलं तर म्हणायचे, कोणी आलं तर असावं तयार. मी त्याच शाळेत त्याच तैलचित्राखाली शिकवत होते. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तर माझ्या राजा, बग्गी वाचून मी चार दिवस का थांबले ते आता तुला कळलं. मला वेदरकोटमध्ये रस नव्हता. माणूस दारामागे का उभा राहतो आणि का बोलत नाही, हे मला कोणाच्या तरी पत्रांतून वाचायचं होतं. तू तीस तारखेला ते लिहिलंस. मी ते दहा वेळा वाचलं. हे मला कोणी तेव्हा सांगायला हवं होतं.

आता दोन गोष्टी. नैनाला पार्टीच्या आधी सांग. वेदरकोटच्या बायकोला मासे वाढताना कळलं, तुझ्या नैनाला पुऱ्या तळताना दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नकोस. आणि यतीन बोलवायला येतोय की हिणवायला, ते दार उघडल्याशिवाय कळणार नाही. लहान आहे म्हणून परत पाठवू नकोस. तो उगाच दर आठवड्याला फोन करतोय असं मला वाटत नाही.

शपथ घातलीस म्हणून मी गप्प आहे. पण हे गप्प राहणं माझ्या जिवावर येतंय.

तुझी,
मावशी

रेडमंड
२७ डिसेंबर २०२४

मावशी,

तुझं पत्र मागच्या आठवड्यात गुरुवारी आलं. मी ते बसमध्ये वाचलं आणि लायब्ररीच्या स्टॉपवर उतरलोच नाही. पुढे गेलो, परत आलो. दुपारी दोनला घरी पोचलो तर नैना बालवाडीत होती. मी सोफ्यावर बसून राहिलो, शुक्रवारची दुपारही तशीच गेली. दोन दिवस धीर होत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी ती पार्टीची यादी करत होती. मी सांगितलं. सगळं, एका दमात, तुझ्या लॉर्डासकट. ती यादीकडेच बघत होती. व्हिसाचं विचारेल, मैत्रीचं विचारेल, असं मला वाटलं. तिने विचारलं,

"डबा कुठे खात होतास?"

मी पायऱ्यांचं सांगितलं. मग ती रडली. मग भांडली, असं की बाजूच्या घरात ऐकू गेलं असेल. मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटत होतं. म्हणाली, नोकरी गेली ते एक वेळ सोडून देते, पण महिनाभर मी सकाळी उठून कोणासाठी पोळ्या करत होते? अजून ती नीट बोलत नाही माझ्याशी.

पार्टी तिने रद्द केली नाही. म्हणाली, येऊ देत लोकांना, पण जेवणाआधी तू उभा राहून सांगशील. शनिवारी मी वर कपडे बदलत होतो. सहाची वेळ दिली होती आणि पाचलाच बेल वाजली. खिडकीतून बघितलं तर यतीनची गाडी. नैनाचे हात पिठात होते, तिने खालून हाक मारली, कोण आहे बघ. मी जिन्यात उतरलो आणि मधल्या पायरीवर थांबलो. खरं सांगू, थांबलो. दुसऱ्यांदा बेल वाजली. दाराच्या काचेतून त्याची सावली दिसत होती, हातात डबा. तो वळून निघाला तेव्हा मी धावलो आणि दार उघडलं.

तो म्हणाला, "परीक्षितदा, फोन का उचलत नव्हतात? घरी उगाच काही बोलायला नको म्हणून मी वहिनींना विचारलं नाही."

तो पहिल्यापासून फोन करत होता, मावशी. नऊ नोव्हेंबरपासून. तिकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, त्याच्या जुन्या कंपनीत जागा आहे, तिथल्या मॅनेजरशी तो माझ्याबद्दल बोलून बसला होता. जागा माझ्या आधीच्या पदापेक्षा एक पायरी खालची. मी पहिला फोन उचलला असता तर आज दिवस मोजायची वेळ आली नसती. सोमवारी व्हिडिओवर मुलाखत झाली, मंगळवारी ते हो म्हणाले. आता त्यांचे वकील कागद करतायत, पण मध्ये नाताळ, मध्ये नवीन वर्ष. एका सरकारी कागदाला कामाचे सात दिवस लागतात आणि ते कोणालाही कमी करता येत नाहीत. मी दिवसातून वीस वेळा मेल उघडतो. झोप नाही, भूक नाही. मिळालं तरी सनीव्हेलला एकट्यानेच जायचं, मैत्रीचं वर्ष संपेपर्यंत या दोघी इथे.

मोहनकाकांबद्दल काय लिहू? मला ते व्हरांड्यात बसलेले आठवतात. मी त्यांना विचारायचो, काका, कुठे निघालात? ते म्हणायचे, अजून ठरलं नाही.

परीक्षित

रेडमंड
७ जानेवारी २०२५

मावशी,

काल दुपारी सरकारकडे कागद पोचल्याची पावती आली. एक दिवस आधी. मंजूर झालेलं नाही, पण आता देशातून घालवू शकत नाहीत. नैनाला फोन केला तर म्हणाली, बरं, येताना कोथिंबीर आण. एकोणीस तारखेला मी सनीव्हेलला जातो. एका खोलीत तिघं आहेत, यतीनच्या ओळखीचे.

आज सकाळी सवयीने साडेआठला तयार झालो. नैनाने डबा दिला. म्हटलं, कुठे जाऊ? म्हणाली, इथेच बस, टेबलावर खा. मी तसंच केलं.

तुझा,
परीक्षित

फ्रिस्को
१४ जानेवारी २०२५

चि. परीक्षित,

तिळगूळ घे. शिवांगीच्या हातचा आहे, थोडा कडक झालाय, सावकाश चाव.

पावतीचं कळलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि मग शिवांगीने विचारल्यावर तिला सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. तिच्या बाबांचं तिला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटायचं, बाबांना व्हरांडा आवडतो. ती माझ्याजवळ बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाताना माझं बाड कपाटातून काढून टेबलावर ठेवून गेली.

प्रकरणाचं नाव बदललं, तुझ्या विनंतीला मान देऊन. आता नुसतं "पाचवा दिवस" एवढंच आहे. वेदरकोट मूर्ख होता हे वाक्य खोडलं. पण बटलरबद्दल एक परिच्छेद घातलाय. कोणी त्याचं नावसुद्धा लिहून ठेवलेलं नाही. त्याने साहेबांचा निरोप तोंडाने सांगितला आणि दार लावलं. आत साहेब आहेत हे त्याला माहीत होतं आणि मरेपर्यंत माहीत राहिलं असेल. त्याच्याबद्दल मला जास्त लिहिता आलं.

तू यतीनसाठी दार उघडलंस ते वाचल्यापासून मात्र मला स्वस्थता नाही. दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. राजीव सर आता निवृत्त झालेत, नगरलाच असतात. काल त्यांना पत्र लिहायला बसले. प्रकृतीची चौकशी लिहिली, फाडली. सुनेची लिहिली, तीही फाडली. सातव्या कागदावर एकच ओळ राहिली, ती तशीच पाकिटात घातली. शिवांगी म्हणाली, मी टाकते, तिला नको म्हटलं आणि चालत कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले. रस्त्यावर माणूस नव्हता. मी एकटीच होते.

मी लिहिलंय, "राजीव सर, तुम्हाला उशीर झाला नव्हता. त्या दुपारी हे घरातच होते."

तुझी,
सुवर्णामावशी